जुन्या एमजीबीचा गिअरबॉक्स : दोष कसा ओळखावा, कधी बदलावा

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत तयार झालेली एमजीबी ही जगभरच्या हौशी मोटारप्रेमींच्या सर्वांत परिचयाच्या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांपैकी एक आहे. बंद टपाची ‘जीटी’ धरून तिची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली. आपल्याकडे आज ‘एमजी’ म्हटले की गुजरातेतील हालोलच्या कारखान्यात बनणाऱ्या नव्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. त्यांचा या मोटारीशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. खरे नाते आहे ते अ‍ॅम्बॅसेडरशी. अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातली. त्यामुळे अ‍ॅम्बॅसेडरवर हात बसलेल्या जुन्या मेकॅनिकला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर परक्या घरात आल्यासारखे वाटत नाही.

गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र ही ओळख अपुरी पडते. एमजीबीच्या रचनेत गिअरबॉक्स एकटा खाली उतरवता येत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडलेल्या अवस्थेत पुढून वर उचलून काढावे लागतात. रेडिएटर, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, वायरिंग, प्रॉपेलर शाफ्ट असे सगळे सोडवल्याखेरीज गिअरबॉक्सचे दर्शन होत नाही. म्हणूनच ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल गाडीवर हात टाकण्यापूर्वी किती तपासून दिला, यावर मालकाचे काही आठवडे आणि बरेच पैसे अवलंबून असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार या गाडीइतका क्वचितच कुठे घडत असेल. कारण गिअरबॉक्सच्या नावावर जमा होणाऱ्या तक्रारींतील पुष्कळशा प्रत्यक्षात क्लचच्या, तेलाच्या किंवा रबरी माउंटिंगच्या असतात.

एकाच नावाचे दोन गिअरबॉक्स

प्रथम आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे हे ठरवावे. १९६२ पासून १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत चार गिअरपैकी वरच्या तिघांनाच सिंक्रोमेश होते, पहिल्याला नव्हते. १९६७ च्या अखेरीस ‘मार्क टू’ आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर चारही गिअरना सिंक्रोमेश असलेला नवा, आकाराने मोठा गिअरबॉक्स आला. त्याला जागा मिळावी म्हणून दोन आसनांमधला बोगदाही रुंद करण्यात आला.

सिंक्रो रिंग ही पितळी मिश्रधातूची कडी असते. गिअर टाकताना ती गिअरच्या शंकूवर घासते, दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करते आणि त्यानंतरच दात्यांना एकमेकांत शिरू देते. ही सोय कॅडिलॅकने १९२८ साली प्रथम बाजारात आणली. ती जेथे नाही तेथे वेग जुळवण्याचे काम चालकाच्या पायाला करावे लागते. म्हणून तीन सिंक्रोच्या एमजीबीत चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना दाते करकरले तर तो बिघाड नव्हे. गाडी पूर्ण थांबवावी, किंवा क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर, अशी जुन्या ट्रकचालकांची ‘डबल क्लच’ पद्धत वापरावी. त्याच गिअरबॉक्सचा पहिला गिअर सरळ दात्यांचा असल्याने तो वाजतो. रिव्हर्स तर दोन्ही प्रकारांत वाजतो. हा आवाज जन्मजात आहे; त्यावर पैसे खर्च करू नयेत.

अदलाबदलीच्या दृष्टीने या दोन प्रकारांत मोठी दरी आहे. बेल हाऊसिंग, इंजिनाच्या मागची पट्टी, फ्लायव्हील, स्टार्टर हे सारे वेगळे. चार सिंक्रोचा गिअरबॉक्स १९६७ पूर्वीच्या अरुंद बोगद्यात पत्रा ठोकल्याशिवाय बसत नाही. ‘एमजीबीचाच आहे, बसेल’ या विश्वासावर दुरून मागवलेला गिअरबॉक्स गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो तो यामुळेच. विकत घेण्यापूर्वी एक सोपी खात्री करता येते. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट पहिल्या गिअरमध्ये हाताने फिरवावा आणि मागच्या फ्लँजवर खडूची खूण करून फेरे मोजावेत. मागचा एक फेरा पूर्ण व्हायला पुढे साधारण ३.६४ फेरे लागले तर तो जुना, तीन सिंक्रोचा, ३.४४ लागले तर नवा. दहा फेऱ्यांचा हिशेब केला तर फरक स्पष्ट कळतो. याच निमित्ताने चौथा गिअरही टाकून पाहावा. त्यात पुढचा एक फेरा म्हणजे मागचा बरोबर एक फेरा.

आवाजाची भाषा

दोष शोधण्याचे सर्वांत चांगले साधन कान हेच आहे. फक्त तो कोणत्या क्षणी द्यायचा हे ठाऊक हवे.

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय क्लचवरून काढलेला. या स्थितीत घरघर ऐकू येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर पुढच्या शाफ्टचे बेअरिंग किंवा खालच्या ले-शाफ्टचे सुईबेअरिंग झिजले आहे. कारण त्या वेळी फिरतात ते हेच दोन शाफ्ट. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगकडे पाहावे. एमजीबीत हे बेअरिंग गोळ्यांचे नसून ग्रॅफाइटच्या कडीचे आहे. सिग्नलला क्लच दाबून उभे राहण्याची किंवा चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय ही कडी झपाट्याने खाते.

आता गाडी चालवून पाहावी. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये रडल्यासारखा आवाज येतो आणि चौथा टाकताच तो विरतो, असे असेल तर दोष ले-शाफ्टवर आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. चौथ्या गिअरमध्ये पुढचा शाफ्ट थेट मुख्य शाफ्टला जोडला जातो; ले-शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. एवढ्या एका चाचणीने गिअरबॉक्स न उघडता आतले अर्धे चित्र दिसते. आवाज चारही गिअरमध्ये सारखाच असेल आणि वाहत्या गाडीत न्यूट्रल केल्यावरही वेगाप्रमाणे चालूच राहत असेल, तर गिअरबॉक्स बाजूला ठेवून प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट, डिफरन्शियल आणि चाकांची बेअरिंगे तपासावीत.

क्लचचा गुन्हा, गिअरबॉक्सला शिक्षा

उभ्या गाडीत रिव्हर्स किंवा पहिला गिअर टाकताना करकर होते, ही नेहमीची तक्रार. रिव्हर्सला सिंक्रो नाही, त्यामुळे क्लच दाबताक्षणी गिअर टाकला तर आवाज होणारच. इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. आवाज आला नाही तर सर्व ठीक आहे. थांबूनही आला, तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि पुढचा शाफ्ट फिरतच राहतो आहे.

कारणे स्वस्तापासून महागाकडे तपासावीत. एमजीबीच्या क्लचला समायोजनाचा स्क्रू नाही. सगळी मदार तेलाच्या दाबावर. पेडल आणि मास्टर सिलिंडरचा दांडा जोडणारी पिन झिजते, तिचे भोक लंबगोल होते आणि पायाच्या हालचालीतील मोठा भाग ढिलाईतच संपतो. ही पिन कवडीमोलाची आहे. मग तेलाची पातळी, आत शिरलेली हवा, दोन्ही सिलिंडरचे रबर, आतून फुगलेला रबरी होज. गाडीखाली एकाने बसून स्लेव्ह सिलिंडरचा दांडा किती सरकतो ते मोजावे. साधारण १२ ते १३ मिलिमीटर हालचाल मिळाली पाहिजे. ती मिळूनही क्लच सुटत नसेल तरच दोष आत आहे. क्लच प्लेट वाकलेली असेल, रिलीजचा फाटा झिजला असेल, किंवा क्रँकशाफ्टच्या शेपटातील छोटा बुश कोरडा पडून पुढच्या शाफ्टला आपल्याबरोबर ओढत असेल.

कोकणपट्टीच्या आणि गोव्याच्या हवेत आणखी एक कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी चतुर्थीच्या सुमारास बाहेर काढावी, इंजिन सुरू व्हावे, पेडलही व्यवस्थित असावे, पण एकही गिअर पडू नये, असा प्रसंग येतो. दमट हवेने फ्लायव्हीलवर गंज धरून क्लच प्लेट त्याला चिकटलेली असते. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करू नये. इंजिन चांगले तापवून, मोकळ्या मैदानात, पेडल दाबून ठेवून, वेग कमीजास्त करीत प्लेट सुटते का ते पाहावे. पावसाळ्यातही पंधरवड्यातून एकदा इंजिन चालवून क्लच दहा-वीस वेळा दाबला तर ही वेळच येत नाही.

दुसऱ्या गिअरवर उतरतानाच तेवढी करकर होत असेल आणि इतर गिअर मऊपणे पडत असतील, तर मात्र क्लच निर्दोष आहे. ती दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग. शहरात सर्वाधिक वापर तिचाच होतो. अशी गाडी ‘डबल क्लच’ करून वर्षानुवर्षे चालवता येते.

गिअर निसटणे आणि दांड्याची खडखड

पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढताच गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये येत असेल तर दाते झिजून उतरते झाले आहेत असे सर्रास सांगितले जाते. ते खरे असू शकते. पण त्याआधी माउंटिंगची रबरे पाहावीत. रबर मेल्यावर भार बदलताना इंजिन-गिअरबॉक्सची जोडी हलते, दांडा बोगद्याच्या कडेला टेकतो आणि गिअर बाहेर ढकलला जातो. रबरे चांगली असतील तर गिअर जागेवर धरणाऱ्या स्प्रिंग आणि गोळ्या, मग सिलेक्टरचे फाटे, आणि शेवटी ले-शाफ्टची लांबीतली ढिलाई असा क्रम ठेवावा. ही ढिलाई मिलिमीटरच्या शतांशांत मोजली जाते. ‘हाताला बरी वाटते’ हे तिथे माप नव्हे. दांडा नुसता खडखडत असेल तर त्याच्या बुडाचा नायलॉनचा बुश बदलला की काम होते.

ओव्हरड्राइव्हचे वेगळे शास्त्र

पुष्कळ एमजीबींच्या गिअरबॉक्समागे लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह बसवलेला असतो. एडगर द नॉर्मनव्हिल याच्या कल्पनेवर आधारलेले हे यंत्र म्हणजे ग्रहमालेसारखी रचना असलेला एक जादा गिअर. बटण दाबले की सोलेनॉइड झडप उघडतो, तेलाच्या दाबाने शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो आणि इंजिनाचा वेग सुमारे पाचव्या हिश्श्याने खाली येतो. आधीच्या ‘डी’ प्रकारात गुणोत्तर ०.८०२, चार सिंक्रोबरोबरच्या ‘एलएच’ प्रकारात ०.८२. शेवटच्या काही वर्षांतील गाड्या सोडल्या तर तो तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही गिअरमध्ये चालतो.

तो लागत नसेल तर पहिली शंका तेलाच्या पातळीवर घ्यावी, कारण गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचे तेल एकच. दुसरी शंका विजेवर. इग्निशन चालू करून, इंजिन बंद ठेवून, चौथा गिअर टाकून बटण दाबावे; गाडीखालून ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. न आल्यास बटण, वायर, गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच आणि सोलेनॉइड या क्रमाने शोध घ्यावा. ‘टक’ होऊनही फरक पडत नसेल तर जाळी साफ करून पाहावी. जाळीनंतरच आतल्या पंपाचा विचार करावा.

एक धोका मात्र गंभीर आहे. ओव्हरड्राइव्ह अडकून बसला असेल, म्हणजे बटण बंद करूनही सुटत नसेल, तर गाडी रिव्हर्समध्ये मुळीच घेऊ नये. आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच त्यात फुटतो. गाडी ढकलायचीच असेल तर पुढे ढकलावी.

तेलाबद्दल

नव्या मेकॅनिकचा हात सवयीने जाड गिअर ऑइलच्या डब्याकडे जातो. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये कारखान्याने सांगितलेले तेल इंजिनाचेच आहे. आजच्या परिभाषेत २०डब्ल्यू-५०. डिफरन्शियलसाठी असलेल्या ‘जीएल-५’ दर्जाच्या तेलातील गंधकयुक्त द्रव्ये पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. घर्षण कमी करणारी जादा औषधेही घालू नयेत. सिंक्रो रिंग आणि ओव्हरड्राइव्हचा शंकू हे दोन्ही घर्षणावरच काम करतात. ते नाहीसे केले तर दोघेही घसरतात. पातळी पाहण्याची डिपस्टिक जुन्या गाड्यांत बोगद्यावरच्या गालिच्याखाली, रबरी बुचाआड असते. नंतरच्या गाड्यांत ती काढून बाजूला फिलर प्लग दिला. गालिचा न उचलणाऱ्या मालकाला डिपस्टिक असल्याचा पत्ताच नसतो, आणि त्याचा गिअरबॉक्स अर्धा कोरडा चालतो.

काढलेले तेल फेकण्यापूर्वी पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात पाहावे. सोनेरी चमक सिंक्रो रिंगांची असते. थोडी असणे वयोमानाप्रमाणे चालते. पोलादाचे पापुद्रे किंवा तुकडे दिसले तर गाडी चालवणे तिथेच थांबवावे.

उतरवण्याची वेळ आलीच तर

एकदा इंजिन-गिअरबॉक्स चेन ब्लॉकवर लटकले की, त्यांना अलग करताना गिअरबॉक्सचे वजन पुढच्या शाफ्टवर क्षणभरही पडू देऊ नये. क्लच प्लेटची मधली चकती त्याने वाकते, आणि जोडणी झाल्यावर क्लच सुटत नाही म्हणून सगळे पुन्हा उतरवावे लागते. जोडताना प्लेट नेमकी मध्यावर आणण्यासाठी जुना शाफ्ट किंवा त्याच मापाचा लाकडी दांडा वापरावा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, ग्रॅफाइटची कडी, क्रँकशाफ्टचा मागचा सील, शेपटातला बुश आणि माउंटिंगची रबरे याच वेळी नवी घालावीत, जुनी चांगली दिसत असली तरी. बुश बसवण्याआधी तो तेलात मुरवावा.

ओव्हरड्राइव्ह नसलेल्या चार सिंक्रोच्या गाडीत ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स बसवणे हा सर्वांत सोपा आणि समाधानकारक बदल. दोहोंची लांबी सारखी असल्याने प्रॉपेलर शाफ्ट तोच चालतो. नुसते ओव्हरड्राइव्हचे यंत्र आणून जुन्या गिअरबॉक्सला जोडता मात्र येत नाही; आतला मुख्य शाफ्टच वेगळा असतो. स्पीडोमीटरचे गुणोत्तरही बदलते, तेव्हा तो जुळवून न घेतल्यास काटा चुकीचा वेग दाखवतो.

पाच गिअरचा मोह

फोर्डच्या सिएरा गाडीतील ‘टाइप ९’ किंवा माझदा एमएक्स-५ मधील पाच गिअरचा गिअरबॉक्स एमजीबीत बसवण्याचे तयार संच परदेशात मिळतात. वेगळे बेल हाऊसिंग, नव्या शाफ्टच्या खाचांना जुळणारी क्लच प्लेट, बदललेला प्रॉपेलर शाफ्ट आणि नवे माउंटिंग असा त्यांचा पसारा. पहिल्या गिअरला सिंक्रो मिळते, सुटे भाग नवे मिळतात, वजनही कमी होते. पण खर्च करण्यापूर्वी थोडे गणित करावे.

एमजीबीच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.९०९. थेट चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे २९ किलोमीटर जाते. म्हणजे १०० च्या वेगाला इंजिन ३४०० ते ३५०० फेरे घेते. एलएच ओव्हरड्राइव्ह लावला की हेच फेरे २८५० च्या आसपास येतात. आणि ‘टाइप ९’ चा पाचवा गिअर? त्याचे गुणोत्तर ०.८२. माझदाचे ०.८१४. महामार्गावर फरक शून्य. उलट तिसऱ्या गिअरवरचा ओव्हरड्राइव्ह धरला तर जुन्या गाडीत सहा गुणोत्तरे मिळतात, आणि घाटात त्या मधल्या टप्प्याचा फार उपयोग होतो. शिवाय टाइप ९ चा पहिला गिअर ३.६५ एवढा खाली आहे की गाडी हलली न हलली तोच दुसरा टाकावा लागतो, माझदाचा ३.१४ त्या मानाने समजूतदार. ज्याच्या गाडीत चालता ओव्हरड्राइव्ह आहे त्याला पाच गिअरचा संच घेऊन शांततेशिवाय फारसे काही मिळत नाही. ज्याची गाडी १९६७ पूर्वीची, ओव्हरड्राइव्ह नसलेली आणि पहिल्या गिअरचे दाते तुटलेली आहे, त्याच्यासाठी मात्र हिशेब वेगळा ठरतो, कारण तीन सिंक्रोचे आतले भाग मिळवणेच कठीण.

भारतात आणखी एक बाजू पाहावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ वर्गाची तरतूद झाली आणि त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचे क्रमांक मिळू लागले. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, ही त्यातली अट. एमजीबीला वेगळी चासी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हीच चासी. गिअरबॉक्ससाठी बोगदा कापणे किंवा आडवी पट्टी तोडून दुसरीकडे जोडणे म्हणजे सांगाड्यालाच हात लावणे. त्यामुळे कापाकापी न करता बोल्टवर बसणारा आणि पुन्हा मूळ स्थितीला नेता येणारा संचच निवडावा, आणि नोंदणीपूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

काढलेला मूळ गिअरबॉक्स भंगारात देऊ नये. तो स्वच्छ करून, नवे तेल भरून, सर्व तोंडे बुचांनी बंद करून कोरड्या जागी ठेवावा. पावसाळ्याआधी आणि नंतर पुढचा शाफ्ट गिअरमध्ये टाकून काही फेरे फिरवावा, म्हणजे तेल सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोहोचते. त्याचे बोल्ट, मूळ फ्लायव्हील आणि मागची पट्टी त्याच खोक्यात ठेवून वर गाडीचा क्रमांक लिहावा.